सातबारा वेबवर मिळतो, मग पीक अ‍ॅपवरच का नोंदवायचे?

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शासनाची कोणतीही सेवा केवळ अ‍ॅपपुरती ठेवू नये, याबाबत

महोदय,



आपल्या राज्यात जमिनीचा सातबारा पाहायला कुठलेही अ‍ॅप लागत नाही. महाभूलेखचे संकेतस्थळ उघडायचे, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, गट नंबर टाकायचा, की उतारा समोर येतो. १५ रुपये भरले तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हातात पडतो. फोन कोणत्या कंपनीचा, किती वर्षांपूर्वीचा, त्यात जागा किती शिल्लक, हे कोणी विचारत नाही. तालुक्याच्या सेवा केंद्रातल्या संगणकावर तो उघडतो, मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या खातेदाराच्या फोनवर उघडतो, पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मुलीच्या लॅपटॉपवरही उघडतो.

त्याच सातबाऱ्यावर आपले पीक नोंदवायचे म्हटले की मात्र वाट बदलते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः करायची, ती अ‍ॅपवरून. प्ले स्टोअरवर जायचे, अ‍ॅप उतरवायचे, नवी आवृत्ती आली की जुने काढून नवे घ्यायचे. ज्याच्या फोनवर ते बसत नाही त्याने शेजाऱ्याचा फोन मागायचा, नाहीतर गावासाठी नेमलेल्या सहाय्यकाची वाट पाहायची. नोंद राहून गेली तर पिकाचा रकाना कोरा राहतो. त्या कोऱ्या रकान्याचा त्रास पीक विम्याच्या वेळी होतो, अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी होतो, हमीभाव केंद्रावर सोयाबीन घेऊन गेल्यावर होतो.

ई-पीक पाहणीच्या मूळ कल्पनेला माझा विरोध नाही. चावडीत बसून कोणीतरी अंदाजाने पीक लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने बांधावर उभे राहून आपले पीक आपण नोंदवावे, हे मला मनापासून पटते. मी वेबसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि घरची शेती पाहतो. या दोन्ही बाजूंनी मला एकच मागणी करायची आहे. शासनाची प्रत्येक सेवा आधी वेबवर असावी, कोणत्याही ब्राउझरमध्ये चालणारी. अ‍ॅप करायचे असेल तर जरूर करावे, पण ते वेबच्या जोडीला असावे. वेबच्या जागी नसावे.

ही मागणी सोयीपुरती नाही. तिच्यामागे पंचवीस-तीस वर्षांचा एक मोठा वाद आहे, आणि त्या वादात महाराष्ट्र शासन नकळत एका बाजूला जाऊन उभे राहिले आहे, असे मला वाटते. म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. टिम बर्नर्स-ली यांनी तिथेच ते घडवले होते. परवाना नाही, स्वामित्वशुल्क नाही. कोणीही ब्राउझर लिहावा, कोणीही सर्व्हर चालवावा, कोणीही पान टाकावे आणि कोणीही ते वाचावे. एचटीएमएल कसे लिहायचे याचे नियम जाहीर आहेत आणि ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्याचा परिणाम आजही पाहता येतो. सर्नने जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवले आहे आणि ते आजच्या कुठल्याही फोनवर उघडते. तीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीने लिहिलेले पान आजचा फोन वाचतो. तीस वर्षे राहू द्या, दहा वर्षांपूर्वीचे एखादे अ‍ॅप आज नव्या फोनवर चालवून पाहावे, म्हणजे फरक कळेल.

अ‍ॅपचा मार्ग दुसरा आहे. ते आधी गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या दुकानात जाते, तिथल्या नियमांत बसते, आणि मग लोकांच्या फोनवर येते. शिवारात जायला पाणंद असणे आणि दुसऱ्याच्या शेतातून त्याच्या मर्जीने वाट मिळणे, यातला फरक आपल्या राज्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. वाट देणारा भला माणूस असेल, वर्षानुवर्षे अडवतही नसेल. पण वाट त्याची असते.

ती वाट अडवली जाऊ शकते हे आपण पाहिले आहे. १ मार्च २०२४ रोजी सेवाशुल्काच्या वादातून गूगलने भारतातल्या १० कंपन्यांवर कारवाई केली. शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी ही घराघरांत माहीत असलेली अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली गेली. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले, बोलणी झाली, आणि काही दिवसांत ती परत आली. त्या दिवसांत नवीन फोन घेतलेल्या माणसाला ती दुकानात सापडत नव्हती. त्यांची संकेतस्थळे मात्र चालूच होती. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला आठवड्याच्या आत दोन दंड केले होते : अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये. अपिलात पहिला दंड कायम राहिला, दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. आकडे कमीजास्त झाले तरी दुकानदाराच्या हातात केवढी सत्ता आहे ते या निकालांतून नोंदले गेले आहे.

शासकीय अ‍ॅप फुकट असते, त्यावर कमिशन लागत नाही, हे मला मान्य आहे. पण शासनही त्या दुकानाचे नियम पाळते. प्ले स्टोअरचा नियम असा की अ‍ॅप ठरावीक काळात नव्या अँड्रॉइडसाठी पुन्हा तयार करावे लागते. तसे केले नाही तर नव्या फोनवर नव्या वापरकर्त्याला ते दुकानात दिसत नाही. म्हणजे अ‍ॅपमध्ये काही बिघडलेले नसले, कामात काही बदल नसला, तरी दरवेळी पुन्हा काम, पुन्हा चाचणी, पुन्हा कंत्राट. आणि तळाच्या जुन्या अँड्रॉइडना कधीतरी सोडून द्यावे लागते. ते फोन कोणाकडे असतात हे वेगळे सांगायला नको.

हा वाद जगासमोर स्पष्टपणे आला तो आयफोनमुळे. २००७ साली आयफोन बाजारात आला तेव्हा त्यावर बाहेरच्या अ‍ॅप्सचे दुकान नव्हते. स्टीव्ह जॉब्स यांनी प्रोग्रॅमरांना सांगितले होते की वेबसाठी लिहा, ते ब्राउझरमध्ये उत्तम चालेल. वर्षभरात धोरण बदलले. जुलै २००८ मध्ये ५०० अ‍ॅप्स घेऊन अ‍ॅप स्टोअर सुरू झाले, आणि विक्रीतला ३० टक्के वाटा कंपनीचा, हा पायंडाही तिथेच पडला. एप्रिल २०१० मध्ये जॉब्स यांनी स्वतःच एक खुले पत्र लिहिले, अ‍ॅडोबीच्या फ्लॅशबद्दल. फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचे आहे, वेबसाठीची मानके खुली असली पाहिजेत, आणि एचटीएमएल ५ हा पुढचा रस्ता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वेबपुरते ते खरे ठरले. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाईलवरच्या फ्लॅशचे काम थांबवले आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारच संपवला. फ्लॅशमध्ये बांधलेले धडे, खेळ, नकाशे, सरकारी पानांवरची माहितीचित्रे त्या दिवसानंतर उघडेनाशी झाली. पण ज्या कंपनीने खुल्या मानकांसाठी हे पत्र लिहिले तिचे अ‍ॅप स्टोअर बंदिस्तच राहिले, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर आजही कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत इंजिन अ‍ॅपलचेच असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर युरोपातल्या आयफोनवर होम स्क्रीनवरून चालणारी वेब-अ‍ॅप्स बंद करण्याचे अ‍ॅपलने जाहीर केले. आरडाओरडा झाल्यावर मार्चच्या सुरुवातीला तो निर्णय मागे घेतला. म्हणून मी कुठल्या कंपनीच्या चांगुलपणावर विसंबून राहा म्हणत नाही. कंपन्या आपले हित पाहतात. शासनाने पाहायचे ते नागरिकाचे.

महोदय, मालकीच्या तंत्रज्ञानात अडकण्याची किंमत मराठी माणसाइतकी कोणी मोजली असेल असे मला वाटत नाही. युनिकोड रुळण्याआधीची वर्षे आठवावीत. प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी वेगळी. एका कचेरीत टाइप केलेले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की ‘महाराष्ट्र शासन’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. फाइलबरोबर फॉन्टही पाठवावा लागे. मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर गेले की आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, आणि तोही ठरावीक ब्राउझरमध्येच नीट दिसायचा. त्या काळात टाइप झालेली पुस्तके, नियतकालिके, शासकीय अहवाल आजही शोधयंत्राला वाचता येत नाहीत. रूपांतर करणारी माणसे एकेक पान तपासत बसली आहेत. देवनागरी युनिकोडमध्ये होती १९९१ पासून. आपण तिच्याकडे वळायला उशीर केला. पुढे शासनानेच युनिकोड वापरण्याचे आदेश काढले, तेव्हा कुठे मराठी मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सुखरूप जाऊ लागला. आज मी फोनवर मराठी टाइप करतो आणि ते जगात कुठेही तसेच दिसते, ही खुल्या मानकाची कमाई आहे.

दक्षिण कोरियाने याहून मोठी किंमत मोजली. तिथे १९९९ च्या सुमारास इंटरनेट बँकिंगसाठी देशी सांकेतिकीकरण आणि सरकारमान्य प्रमाणपत्रे सक्तीची झाली, आणि ती ब्राउझरमध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्टिव्हएक्स वापरले गेले. त्या वेळी निर्णय शहाणपणाचाच वाटला असणार. पण त्यामुळे जगातल्या अतिशय वेगवान इंटरनेटच्या देशात बँक, खरेदी, सरकारी अर्ज, सगळ्यांसाठी लोक इंटरनेट एक्सप्लोररला बांधले गेले. मॅकवाला अडला, लिनक्सवाला अडला, नंतर स्मार्टफोनवाला अडला. त्या प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा कायद्याने गेला तो डिसेंबर २०२० मध्ये. वीस वर्षे.

आता वेबवर घेतल्या जाणाऱ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. अधिकाऱ्यांशी बोलताना उत्तर मिळते की पीक पाहणीला फोटो लागतो, जागेचे अक्षांश-रेखांश लागतात, रानात रेंज नसते. हे वेबला कसे जमणार? २०१० साली हा प्रश्न बरोबर होता. आज तो बरोबर नाही. फोनच्या ब्राउझरला जागा सांगणे २००९ च्या सुमारासच जमू लागले. कॅमेरा त्यानंतर आला, आणि २०१७ मध्ये आयफोनच्या सफारीनेही तो खुला केला. रेंज नसताना पान चालावे यासाठी सर्व्हिस वर्कर नावाची सोय आहे. एकदा पान उघडले की ते फोनमध्ये राहते, बांधावर माहिती भरता येते, फोटो साठवता येतो, आणि घरी वायफाय किंवा रेंज मिळाली की पाठवता येतो. आयफोनवर ही सोय मार्च २०१८ पासून आहे, अँड्रॉइडच्या क्रोमवर त्याच्याही आधीपासून. सूचना पाठवण्याची सोयही आयफोनच्या वेब-अ‍ॅपला मार्च २०२३ मध्ये मिळाली. हे पान होम स्क्रीनवर ठेवले तर ते अ‍ॅपसारखेच दिसते आणि अ‍ॅपपेक्षा कितीतरी कमी जागा घेते.

यातली उणीवही सांगतो, कारण निर्णय पूर्ण माहितीवर व्हावा. आयफोनचा सफारी सात दिवस न वापरलेल्या पानाने साठवलेली माहिती पुसून टाकतो, ते होम स्क्रीनवर ठेवले नसेल तर. पडद्यामागे, फोन खिशात असताना सतत काम करत राहणे वेबला अ‍ॅपइतके जमत नाही. बनावट जागा दाखवून फसवणारे लोक वेबलाही फसवू शकतात, पण ते अँड्रॉइडच्या अ‍ॅपलाही फसवतात. त्यावरचा उपाय फोनमध्ये नाही, नोंदींच्या पडताळणीत आहे. एक पीक, एक फोटो, एक ठिकाण आणि एक अर्ज, एवढ्या कामासाठी वेब पुरेसे आहे, हे मी जबाबदारीने लिहितो.

आपल्याच देशात त्याचा दाखला आहे. २०१५ च्या मे महिन्यात मिंत्रा या कपड्यांच्या दुकानाने आपले संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅप ठेवले. वर्षभरात त्यांना वेबवर परतावे लागले. त्याच गटातल्या फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणले : ब्राउझरमध्येच चालणारे, होम स्क्रीनवर बसणारे, नेटवर्क कमकुवत असले तरी उघडणारे. जगात अशा प्रकारच्या पहिल्या मोठ्या वेब-अ‍ॅप्समध्ये त्याची गणना होते, आणि ते बंगळूरमध्ये, भारतीय फोन आणि भारतीय रेंज डोळ्यांसमोर ठेवून घडले. २०१७ चा जिओफोनही विसरू नये. त्याच्या आतली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली होती आणि त्यावरची अ‍ॅप्स वेबच्याच भाषेत लिहिली जात. बटणांच्या स्वस्त फोनवर ज्यांनी पहिल्यांदा इंटरनेट पाहिले त्यांच्यापर्यंत वेबचे हेच खुले तंत्रज्ञान पोहोचले होते.

दुसरा दाखला कोविनचा. मार्च २०२१ मध्ये सर्वसामान्यांची लसीसाठी नोंदणी सुरू झाली तेव्हा लोक प्ले स्टोअरवर कोविनचे अ‍ॅप शोधू लागले. आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की ते अ‍ॅप केवळ कर्मचाऱ्यांसाठी आहे, नागरिकांनी संकेतस्थळावर यावे. एका फोन नंबरावर घरातल्या चौघांची नोंदणी होत होती. मुलाने आजीची केली, शिक्षकाने वस्तीतल्या लोकांची केली, सायबर कॅफेवाल्याने कोणाकोणाची केली. ज्यांच्याकडे इंटरनेटच नव्हते त्यांचे हाल झाले, सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवले, आणि ते योग्यच होते. पण तीच नोंदणी अ‍ॅपपुरती ठेवली असती तर आणखी किती लोक बाहेर राहिले असते याचा विचार करावा. दोनशे कोटींहून अधिक मात्रांचा हिशेब ज्या व्यवस्थेने ठेवला तिचा नागरिकासाठीचा दरवाजा वेबवर होता.

राज्यातली एक आठवण मात्र कडू आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे. वर नोंदींसाठीचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. ज्या बाई वर्षानुवर्षे रजिस्टरमध्ये मराठीत अचूक नोंदी ठेवत होत्या त्यांना एकाएकी अडाणी ठरवले गेले. भाषा बदलणे, मोठा मजकूर करणे, पडद्यावरचे वाचून दाखवणे, या गोष्टी नीट लिहिलेल्या वेब पानावर ब्राउझरच बरेचसे करून देतो. अ‍ॅपमध्ये त्या प्रत्येक गोष्टीसाठी कंत्राटदाराच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग नागरिकांच्या बाबतीत ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे म्हटले आहे. त्या निकालानंतर तरी ‘पुढच्या आवृत्तीत करू’ हे उत्तर चालणार नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज जुलै २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हा नारीशक्ती दूत अ‍ॅपवर गर्दी झाली. संकेतस्थळ नंतर आले. त्या दिवसांत खेड्यातल्या घरांत काय चालले होते ते पाहणाऱ्यांनी पाहिले आहे. घरात फोन एक, तोही नवऱ्याचा किंवा मुलाचा. तो कामावर गेला की फोनही गेला. दुसऱ्याच्या फोनवर अ‍ॅप घ्यायचे म्हणजे त्याची जागा, त्याचा डेटा, त्याची परवानगी. दुवा उघडायला यातले काही लागत नाही. दुवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकता येतो, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिता येतो, क्यूआर कोड छापून रेशन दुकानात लावता येतो. कोणाच्याही फोनवर दोन मिनिटांत अर्ज भरून पान बंद करता येते, आणि मागे त्या फोनमध्ये काही उरत नाही.

या सगळ्याला आता एक भयंकर बाजू आली आहे आणि ती मला रात्री झोपू देत नाही. पीएम किसान, आरटीओ चलन, बँक केवायसी, अशा नावांच्या एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. माणूस ती उघडतो, ‘इन्स्टॉल’ दाबतो, आणि फोनमधले एसएमएस, ओटीपी, बँक खाते चोराच्या हाती जाते. पोलिसांनी वारंवार इशारे दिले आहेत. पण लोकांना सवय कोणी लावली? प्रत्येक योजनेला नवे अ‍ॅप, प्रत्येक अ‍ॅपला नवी आवृत्ती, ‘जुने काढा, नवे टाका’. हे वर्षानुवर्षे सरकारकडूनच ऐकत आलेल्या शेतकऱ्याला चोराचा निरोपही तसाच वाटतो. फसवी संकेतस्थळेही असतात, नाकारत नाही. पण तिथे सांगायला एक सोपी खूण आहे : पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तरच सरकारी, कारण ते नाव सरकारी यंत्रणेशिवाय कोणाला मिळत नाही. फोनमध्ये काहीही न बसवता सरकारी काम होते, हा एकच नियम गावोगाव सांगता आला तर चोरांचा निम्मा धंदा बसेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी शासनाने मेटा कंपनीशी करार केल्याचे जाहीर झाले. लोक जिथे आहेत तिथे सेवा न्यावी हा हेतू चांगला आहे. तरी काळजी वाटते. नागरिक आणि शासन यांच्यामध्ये एका परदेशी खासगी कंपनीचे बंदिस्त व्यासपीठ येते. त्याचे नियम, त्याचे दर, त्यातले बदल शासन ठरवत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावण्यासाठी कुठल्याही कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणारी प्रत्येक सेवा त्याच पूर्णतेने वेबवर मिळाली पाहिजे, हे करारात लिहिलेले असावे.

धोरण नव्याने शोधायचे नाही. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्येच जाहीर केले आहे, आणि खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये. ब्रिटनच्या शासकीय डिजिटल विभागाने २०१३ मध्ये खात्यांना सांगितले होते की अ‍ॅप काढण्याआधी वेब सेवा चांगली करा. अलीकडे त्यांनी एक अ‍ॅप आणले, पण संकेतस्थळ जागेवर ठेवूनच.

म्हणून माझी विनंती अशी. शासन निर्णय काढून हे ठरवावे की यापुढे कोणतीही नागरी सेवा केवळ अ‍ॅपवर सुरू होणार नाही, आणि आज ज्या तशा आहेत त्या ठरलेल्या मुदतीत वेबवर येतील. निविदेतच अट असावी की सेवा किमान दोन वेगळ्या इंजिनांच्या ब्राउझरवर, मराठीत, आणि तीन-चार वर्षे जुन्या स्वस्त फोनवर चालवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. ती चाचणी मंत्रालयातल्या वायफायवर होऊ नये. मेळघाटात, अक्कलकुव्यात, भामरागडमध्ये व्हावी. जनतेच्या पैशातून लिहिलेला कोड, सुरक्षेच्या कारणाने ठेवावा लागणारा भाग सोडून, जनतेसाठी खुला करावा. कोविडकाळातल्या आरोग्य सेतू अ‍ॅपचा कोड मे २०२० मध्ये खुला झाला होता, तेव्हा आभाळ कोसळले नव्हते.

सुरुवात ई-पीक पाहणीपासून करावी. संपूर्ण राज्य एकदम नको. येत्या रब्बीत एक तालुका घ्यावा, तिथे अ‍ॅप चालू ठेवून शेजारी वेब पान द्यावे : सातबारा जिथे दिसतो त्याच पानावर खाली ‘पीक नोंदवा’ असे एक बटण. हंगामाच्या शेवटी मोजावे, कोणत्या मार्गाने किती नोंदी आल्या, किती अर्धवट सुटल्या, किती जणांना दुसऱ्याचा फोन मागावा लागला. ते आकडे जाहीर करावेत आणि निर्णय त्यावर घ्यावा. असे पान मराठीत तयार करायला आणि जुन्या फोनवर तपासायला हात देणारे प्रोग्रॅमर या राज्यात पुष्कळ आहेत. आपल्या विभागाने बोलावले तर मी स्वतः माझ्या खर्चाने येईन, आणि त्या तालुक्यात हंगामभर राहीन.

कळावे,

आपला नम्र,
वेबवर काम करणारा एक शेतकरी खातेदार